खुरपं आणि राखण

काही माणसं झाडाला पाणी घालतात आणि काही माणसं पाणी घालणाऱ्याला अक्कल शिकवतात. दुसऱ्या जातीची माणसं संख्येने जास्त, कारण त्या कामाला वाकावं लागत नाही.

राखणीचा रोजचा संबंध यायचा तो या दुसऱ्या जातीशी. राखण हे तिचं घरातलं नाव नव्हे. घरात तिला ‘अगं’ एवढंच नाव होतं. राखण हे कामावरचं नाव. खिडकीत, गॅलरीत, जिन्याच्या कोपऱ्यात कुंड्या ठेवून बाग केल्याचं समाधान मानणाऱ्यांसाठी एक साइट होती. लोक तिथे आपापल्या झाडांचे फोटो टाकत, पानं पिवळी का पडली ते विचारत, एकमेकांना रोपं द्यायची कबुली देत आणि बहुधा देत नसत. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी ही साइट काढली होती. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. फोटोखाली लोक जे लिहितात ते वाचायचं आणि त्यातली घाण उपसून काढायची, हे राखणीचं काम. मोठ्या बाईंचे नियम दोनच होते. राखण कोण हे बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, हा पहिला. दुसरा असा, की लिहिलेलं कडू असलं तरी खरं असेल तर ठेवायचं, आणि नुसतं विष असेल तर काढून टाकायचं.

हे सगळं ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, इस्त्रीच्या टेबलावर ठेवलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर करायची. नवऱ्याच्या मते ती ‘काहीतरी टायपिंग’ करायची. इतक्या वर्षांत त्याने यापलीकडे चौकशी केली नव्हती. कॉम्प्युटरमुळे शर्टाला इस्त्री करायला जागा उरत नाही, ही तक्रार मात्र न चुकता केली होती. त्या शर्टांना इस्त्री तो स्वतः करत होता असंही नाही.

नवरा लिफ्ट तपासनीस. इमारतींच्या लिफ्टमधले दोष शोधण्याचा त्याला पगार मिळायचा, आणि घरी आल्यावर तेच काम तो फुकट करायचा. दरवाजा जोरात लागला, पाणी कोमट आहे, मीठ पळीभर पडलंय की चिमूटभर, सगळ्याचा अहवाल तोंडी. कचेरीत त्याचा साहेब त्याच्याहून वयाने लहान होता आणि त्याच्यापुढे नवऱ्याचं तोंड लिफ्टच्या दारासारखं आपोआप मिटायचं. दिवसभर मिटलेलं तोंड संध्याकाळी घरी उघडायचं, आणि मग बंद करायचं बटण कुणाला सापडायचं नाही.

तर त्या साइटवर एक खुरपं आलं होतं. हे त्याने स्वतःच घेतलेलं नाव. एका बाईने आपल्या आयुष्यातल्या पहिल्या टोमॅटोचा फोटो टाकला, तर खाली खुरप्याने लिहिलं, “हा टोमॅटो आहे की गळू? डॉक्टरला दाखवा.” कुणाच्या गुलाबाखाली लिहिलं, “यापेक्षा काटे बरे दिसतात, फक्त त्यांचा फोटो टाका.” लोक आधी हसले, मग चिडले, मग एकेक जण फोटो टाकायचा थांबला. माणसाचा उत्साह मारायला फार मेहनत लागत नाही, आणि खुरप्याला मेहनतीची मुळातच आवड नव्हती.

सगळ्यांत वाईट झालं ते पुदिनावाल्या गृहस्थांचं. हे गृहस्थ अंथरुणाला खिळलेले. खिडकीशी पुदिन्याची एक कुंडी, तीच त्यांची बाग. नवं पान फुटलं की फोटो. त्यावर खुरप्याने लिहिलं, “थोडक्यात काय, तर याला बाग म्हणायचं असेल तर माझ्या कपाटातल्या बुरशीला जंगल म्हणावं लागेल.” राखणीने ते दिसताक्षणी काढलं, पण गृहस्थांनी त्याआधीच वाचलं होतं. त्यांनी आपले सगळे फोटो पुसले, “माफ करा, उगीच जागा अडवली” एवढं लिहिलं आणि गेले ते गेलेच. राखणीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तिने खुरप्याला बंदी घातली. तो ‘विळा’ होऊन आला. विळ्याला घातली, तर ‘एक जाणकार’ होऊन आला. प्रत्येक वेळी सुरुवात तीच, ‘थोडक्यात काय, तर’, आणि मग पानभर लांबण. हे शब्द तिने कुठेतरी ऐकल्यासारखे वाटायला हवे होते. वाटले नाहीत. ते शब्द ती रोज जेवताना ऐकत होती, पण जेवताना समोरचा काय बोलतो इकडे लक्ष देणं तिनेही केव्हाच सोडून दिलं होतं. त्या घरात बहिरं कोण आणि मुकं कोण हे ठरवणं अवघडच होतं.

एकदा या जाणकाराने थेट तिच्यावरच घसरून लिहिलं, “या राखणबाईला घरी कुणी विचारत नसणार, म्हणून इथे येऊन हुकूम सोडते.” तिचं बोट काढून टाकायच्या बटणावर गेलं होतं. तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग बोट मागे घेतलं. साइटची तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या माणसाने, ज्याला सगळे ‘जोडारी’ म्हणत, दुसऱ्या दिवशी फोन केला, “ताई, हे काढायचं राहिलं वाटतं.”

“राहू दे ते,” ती म्हणाली.

आज सकाळी मोठ्या बाईंनी मात्र निर्वाणीचं सांगितलं होतं. “हा माणूस आजच्या आज बंद झाला पाहिजे. नाहीतर उद्यापासून फोटोखाली लिहिणंच बंद. आता तूच बघ.” लिहिणं बंद म्हणजे राखणही बंद. घरात पडदे कोणत्या रंगाचे घ्यायचे हेही कधी कुणी तिला विचारलं नव्हतं. इथे अनोळखी माणसं तिच्या ‘ठीक आहे’साठी ताटकळत. तिचा शब्द जिथे चालत होता अशी जगात ती एकच जागा होती, आणि ती कुणा एका रिकामटेकड्याच्या जिभेपायी जाणार होती.

जोडाऱ्याने मग तिला नवं बटण करून दिलं. “ताई, नावावर बंदी घालून उपयोग नाही, तो नावं बदलतो. आता त्याच्या आयपी अ‍ॅड्रेसवर घाला. प्रत्येक घराचं नेट बाहेर एका नंबराने ओळखलं जातं. तो नंबर बंद केला की आख्खं घर बंद.” बंदीनंतर त्याच्या पडद्यावर काय दिसावं तेही तिलाच लिहायला सांगितलं. तिने मनापासून लिहिलं: “तुमच्या घराला या बागेत बंदी आहे. का, ते घरच्यांना विचारा.”

दुपारी जाणकार पुन्हा उगवला. तिने दात-ओठ खाऊन बटण दाबलं. आणि तिच्याच पडद्यावर सगळी बाग नाहीशी होऊन दोन ओळी उमटल्या. तुमच्या घराला या बागेत बंदी आहे. का, ते घरच्यांना विचारा.

तिने जोडाऱ्याला फोन लावला. “तुमचं बटण उलटं लागलंय. त्याच्याऐवजी मीच बाहेर पडले.”

पलीकडे बराच वेळ टकटक चालली. मग जोडारी फारच जपून म्हणाला, “बटण बरोबर आहे, ताई. त्याचा नंबर आणि तुमचा नंबर एकच आहे.”

“हे कसं शक्य आहे?”

“शेजाऱ्यांना वायफायचा पासवर्ड वगैरे दिलाय का?”

तिने या काडीचा आधार घेऊन पाहिला, पण काडी हातात येण्याआधीच मोडली. नवऱ्याने पासवर्ड सख्ख्या बहिणीलासुद्धा दिला नव्हता. ती राहायला आली होती तेव्हा “कंपनीने कालच बदलला, आम्हालाच ठाऊक नाही” असं तिच्या तोंडावर सांगितलं होतं.

“नाही दिला,” राखण म्हणाली.

“मग कोण ते मी विचारत नाही,” जोडारी म्हणाला. भला माणूस होता. “मी इथून बंदी उठवू शकतो, पण ते मोठ्या बाईंना दिसणार आणि त्या कारण विचारणार. त्यापेक्षा तुम्हीच घरचा आयपी बदला. नेटचं खोकं बंद करा, थोडा वेळ थांबा, चालू करा. तुमची कंपनी दर वेळी नवा नंबर देते. फक्त, तुम्ही आत आलात की…”

“तोही आत येणार. कळलं.”

तिने फोन ठेवला आणि आतल्या खोलीतून हाक आली. “अगं!”

पाठ धरल्यामुळे नवरा घरीच होता. तो बाहेर आला. कमरेला पाठीचा पट्टा, तोही उलटा बांधलेला. सकाळी तिने सांगायला तोंड उघडलं होतं तर “मला शिकवू नकोस” असं उत्तर मिळालं होतं. हातात टॅबलेट. टॅबलेटवर तिच्या दोन ओळी.

“तुला त्या कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं ना? आयपी अ‍ॅड्रेस कसा बदलतात?”

राखणीने विचारलं, “कशाला हवाय?”

“अगं एक भिकार साइट आहे, झाडाबिडांची. तिथे एक बाई बसवून ठेवलीय. माझं लिहिणं सोसत नाही तिला. आता आपल्या आख्ख्या घराला बंदी घातली! आणि वर लिहिते काय, तर ‘का, ते घरच्यांना विचारा’. घरच्यांना काय विचारायचं? घरच्यांना काय कळतं?”

“तुम्ही झाडांच्या साइटवर काय करता?”

“लोकांना सुधारतो.”

हे त्याने इतक्या गंभीरपणे सांगितलं, की तिला हसू आलं, आणि हसू येताच त्यामागून संताप आला. वाईट वाटलं नाही, हे विशेष. इतके दिवस जी घाण ती नाक मुठीत धरून उपसत होती ती बाहेरून येतच नव्हती. ती इथेच, भिंतीपलीकडे, तिने धुतलेल्या उशीवर रेलून तयार होत होती. आणि त्या माणसाला मधूनच चहाही हीच नेऊन देत होती.

नवऱ्याने तोवर नेट कंपनीला फोन लावला होता. तिथल्या मुलीने त्याला आदबीने खोकं बंद करून चालू करायला सांगितलं. तो कडाडला, “बंद करून चालू करा, हा अडाणी उपाय मला सांगता? मी तपासनीस आहे! लिफ्टवाले मला हेच सांगतात आणि मी त्यांचा कागद नामंजूर करतो!” त्याने फोन आपटला. पाठीतून कळ गेली म्हणून तो खुर्चीवर बसला.

“मी करून बघू?” राखणीने विचारलं.

“कर. पण मोडून ठेवू नकोस.”

तिने खोक्याची वायर भिंतीतून काढली. हिरवे दिवे विझले आणि घर एकदम शांत झालं. करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा नवरा-बायको जेवणाची वेळ सोडून कितीतरी महिन्यांनी समोरासमोर बसली. नेट नसल्यावर माणसांना एकमेकांशिवाय इलाज नसतो. नवऱ्याने आपला पराक्रम सांगायला घेतला. टोमॅटोचं सांगितलं, गुलाबाचं सांगितलं, आपल्याच विनोदांना आपणच हसला.

“आणि एक पुदिनावाला होता. एक कुंडी, आणि ऐट बागायतदाराची! असा टोला दिला की बाडबिस्तरा गुंडाळून पळाला.”

“अंथरुणाला खिळलेला माणूस होता तो.”

“तुला काय माहीत?”

“एकच कुंडी ठेवणारा आणखी कोण असणार,” तिने सावरून घेतलं. “तुम्ही कधी एखादं झाड लावलंयत?”

“लिफ्ट तपासायला मला लिफ्ट बनवता यावी लागत नाही,” तो म्हणाला. गॅलरीत तिने लावलेलं मिरचीचं झाड होतं. त्यावर तो ओला टॉवेल वाळत घालायचा. झाडाशी त्याचं नातं तेवढंच. “थोडक्यात काय, तर सगळा दोष त्या बाईचा. घरी कुत्रं विचारत नसेल तिला, म्हणून तिथे तोरा.”

“नसेलही विचारत,” राखण म्हणाली.

तेव्हाच सगळं सांगून टाकावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंडाने सांगितलेलं या घरात कुणाच्या कानात शिरत नव्हतं. उलट्या पट्ट्याचंच काय झालं ते समोर होतं. राखणीने लिहिलेलं मात्र हा माणूस शब्द न् शब्द वाचत होता, त्याने त्याचं पित्त खवळत होतं, त्यावर तो पानभर उत्तरं देत होता. बायकोला जे जमलं नव्हतं ते राखणीला केव्हाच जमलं होतं. तिने वायर परत लावली.

दिवे लागले. बाग उघडली. तिच्याही पडद्यावर आणि त्याच्याही. “बघ! झालं की नाही!” असं म्हणत तो विजयी मुद्रेने आत गेला. खोकं जणू त्यानेच चालू केलं होतं.

तिने आधी गॅसवर पाणी ठेवलं आणि शेकायची रबरी पिशवी भरली. परत येईपर्यंत ‘नवा माळी’ नावाच्या कुणाचं लिखाण आलं होतं. “थोडक्यात काय, तर एखाद्या फडतूस बाईच्या बंदीने जाणकार थांबत नसतो,” अशी सुरुवात होती आणि पुढे सुधारणा बरीच होती. राखणीने ते काढून टाकलं आणि त्या जागी, सगळ्यांना दिसेल असं, लिहिलं:

“नव्या माळ्यास. तुमचं लिखाण काढलं आहे. शेकायची पिशवी गरम झाली आहे, स्वयंपाकघरातून घेऊन जा. पाठीचा पट्टा उलटा बांधला आहे, तो आधी सरळ करा. — राखण.”

बागेतल्या लोकांना त्यातलं काही कळलं नाही. राखणीला काम झेपेनासं झालं असावं, असं त्यातल्या दोघांना वाटलं. आतल्या खोलीत मात्र पलंग करकरला. नवरा दारात आला. त्याने पिशवीकडे बघितलं, इस्त्रीच्या टेबलाकडे बघितलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर काय असतं ते वाकून वाचलं. वाकताना त्याला दुखलं असणार.

“तू?”

“मी.”

“इतकी वर्षं तू हे करतेस?”

“काहीतरी टायपिंग,” ती म्हणाली.

त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. साहेबापुढे कसं मिटत असेल ते तिला आज दिसलं, आणि कीव यायला हवी होती ती काही आली नाही.

“आता नीट ऐका,” राखण म्हणाली. “खुरपं आज थांबलं नाही तर माझं काम जातंय. नुसतं थांबून भागणार नाही. खुरपं या नावावरची बंदी मी तेवढ्यापुरती उठवलीय. त्याच नावाने पुदिनावाल्यांची माफी मागायची, सगळ्यांसमोर. नाहीतर खुरपं कोण ते मोठ्या बाईंना मी नावानिशी कळवते, आणि माझंही काम सोडते. मग दोघं बसू समोरासमोर, रोज.”

या शेवटच्या धमकीचा परिणाम सगळ्यांत जास्त झाला असावा. तो पिशवी घेऊन आत गेला. थोड्या वेळाने खुरप्याचं लिखाण आलं. “थोडक्यात काय, तर माझ्या शब्दांचा विपर्यास करण्यात आला.” राखणीने ते काढलं आणि खाली लिहिलं, “पुन्हा लिहा.” पुढचं आलं, “कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे.” तेही काढलं. “पुन्हा लिहा.”

“आता काय चुकलं?” आतून ओरडणं आलं.

“‘असतील तर’ काढा,” ती बाहेरून म्हणाली.

मग इतका वेळ गेला, की तो झोपला की काय असं तिला वाटलं. मग आलं: “तुमच्या पुदिन्याबद्दल मी लिहिलं ते वाईट होतं. मला स्वतःला एक रोप लावता येत नाही. माफ करा.” राखणीने ते वाचलं. लिफ्ट तपासनिसाच्या उभ्या हयातीतला हा पहिलाच अहवाल होता ज्यात खोड काढायला जागा नव्हती. तिने ‘ठीक आहे’ दाबलं.

दिवेलागणीला मोठ्या बाईंचा फोन आला. “अगं, खुरप्याने चक्क माफी मागितली! काय जादू केलीस?”

“त्याने घरच्यांना विचारलं असेल,” राखण म्हणाली.

मोठ्या बाई खूप हसल्या. लिहिणं चालू राहील, म्हणाल्या, आणि उद्यापासून पुन्हा नेहमीसारखं. फोन ठेवून ती वळली तर नवरा मागेच उभा होता, पट्टा सरळ बांधून. काहीतरी बोलायचं होतं पण सुरुवात सापडत नव्हती. ‘थोडक्यात काय’ त्याने दोनदा ओठांवर आणलं आणि दोनदा गिळलं.

“ते एक जुनं आहे माझं,” तो शेवटी म्हणाला. “तुझ्याबद्दल. घरी कुणी विचारत नसणार, ते. अजून तिथेच दिसतंय.”

“हो.”

“ते काढून टाक ना.”

राखणीने पडद्यावरची नजर काढली नाही. कुणाच्या तरी पहिल्यावहिल्या मिरचीचा फोटो येऊन पडला होता, वाकडी, बोटभर, आणि खाली मालकिणीने भीत भीत विचारलं होतं, बरी आहे ना?

“नाही काढता येणार,” ती म्हणाली. “आमचा नियम आहे. खरं असतं ते आम्ही ठेवतो.”